पान एकशे बाराचं शुद्धिपत्र

माझ्या सासऱ्यांना आम्ही घरात नाना म्हणतो. नानांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलं. हे मी सून म्हणून गाऱ्हाणं सांगत नाहीये, तो त्यांचा धंदाच होता. एका छापखान्यात ते छत्तीस वर्षं मुद्रितशोधक होते. शिशाचे खिळे जुळवून झाले की पानाचा कच्चा छाप, म्हणजे प्रूफ, त्यांच्या टेबलावर यायचा आणि नाना लाल शाईचं पेन घेऊन त्यावर वाकायचे. काना सुटलाय, वेलांटी चुकलीय, ओळ घसरलीय, सगळं त्यांना लांबून दिसायचं. निवृत्तीनंतरही हात स्वस्थ बसला नाही. लिफ्टमधली सूचना, किराण्याची यादी, आलेल्या लग्नपत्रिका, सगळ्यांवर लाल खुणा. लग्नाआधी मी माझ्या नवऱ्याला लिहिलेलं एक पत्र चुकून नानांच्या हाती पडलं होतं. आपण ते न वाचता मुलाच्या टेबलावर ठेवलं असं ते आजही शपथेवर सांगतात. पण दुसऱ्या पानावर माझी एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झाली होती, तीही लाल शाईत.

पंच्याहत्तरीत डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे नेमकं बघाल तेच दिसणार नाही.

"म्हणजे मजकूर जाईल आणि समास उरेल," नाना म्हणाले.

त्या दिवशी ते हसले, पण नंतर पाच-सहा महिने घरात त्यांचा आवाज फारसा ऐकू आला नाही. खुर्चीत पुस्तक मिटून मांडीवर ठेवायचे आणि बोटाने त्याची कड चाचपत बसायचे. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये सकाळच्या पाळीला असते, तीनला घरी येते. दार उघडलं की तीच खुर्ची, तसेच नाना. एकदा मला राहवलं नाही. माझा टॅबलेट त्यांच्या हातात दिला आणि शहराच्या ग्रंथालयाने जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवली होती ती उघडून दिली. दोन बोटं फाकवली की अक्षर मोठं होतं हे दाखवलं. नानांनी बोटं फाकवली. अक्षर मुठीएवढं झालं. मग डोकं किंचित तिरकं करून, डोळ्याच्या कडेने, त्यांनी ते एकच अक्षर वाचलं. "ठ," ते म्हणाले. आणि पुढचं वाचायला लागले.

त्यानंतर ते त्या डिजिटल ग्रंथालयातून बाहेर आलेच नाहीत म्हणा ना. काय काय नव्हतं तिथे! दीपगृहाच्या दिव्याची निगा कशी राखावी याची पुस्तिका. विहिरी खणणाऱ्या कुणाची वही, कुठे किती हातांवर पाणी लागलं आणि कुठे लागलंच नाही याची. बहिऱ्या मुलांच्या शाळेचा अहवाल. पक्ष्यांच्या अंड्यांचे हाताने रंगवलेले तक्ते. बोटीवरच्या प्रवाशांच्या याद्या, ग्रहणांची कोष्टकं, टपालखात्याचे नियम, एका सुईणीची नोंदवही, आणि कोण्या बाईने नवऱ्याला लिहिलेली पण कधीच न टाकलेली सतरा पत्रं. नाना निवडत नसत, समोर येईल ते वाचत. जेवताना मला सांगायचे, "विहीरवाला आज रडवून गेला बघ. चाळीस हात खणून खडक, आणि खाली फक्त लिहिलंय, 'मजुरांस घरी पाठविले.'"

हळूहळू ते ग्रंथालयाला चुका कळवू लागले. ते सांगणार, मी टाइप करणार. अमुक पुस्तकात चौपन्नावं पान उलटं लागलंय, तमुक नकाशाचा कोपरा दुमडलेला राहिलाय. तिथल्या ग्रंथपालबाई प्रत्येक पत्राला उत्तर द्यायच्या. एकदा त्यांनी लिहिलं, "आमच्याकडे कामाला दहा माणसं आहेत, पण तुमच्याइतका जाच कुणाचा नाही. कृपया चालू ठेवा." नानांनी ते उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

असं दीड वर्ष गेलं. मग एका दुपारी मी घरी आले तेव्हा नाना खुर्चीत नव्हते. खिडकीपाशी उभे होते, टॅबलेट छातीशी धरून.

"इकडे ये. हे वाच. माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही माझा."

पडद्यावर घरगुती औषधांच्या एका जुन्या पुस्तकाचं पान होतं, एकशे बारा. मुलांच्या खोकल्यावरचं औषध, ते कसं बनवावं, कसं द्यावं. मी वाचलं: "तीन वर्षांखालील मुलास पाच चमचे, दिवसातून दोनदा."

त्यात घालायला सांगितलेल्या अर्काचं नाव मी ओळखलं. "नाना, पाच? एवढ्याने तर मूल…"

"पाव," नाना म्हणाले. "पाव चमचा हवाय."

ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण एका वाक्यापुरती: नानांच्या छापखान्यात एकदा जुळाऱ्याच्या चुकीने औषधाच्या पुस्तकात घोळ झाला आणि एक मूल गेलं. जुळारी म्हणजे खिळे जुळवणारा. त्याच्या हातून 'व'च्या जागी 'च' बसला. त्याला काढून टाकलं. छापखान्यात पडून असलेल्या प्रतींमध्ये मालकांनी शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली, पण तोवर विकल्या गेलेल्या प्रती घरोघर पोचल्या होत्या. त्यातलीच एक कुणीतरी ग्रंथालयाला दिली होती. चिठ्ठी नसलेली.

"हे किती जणांनी बघितलं असेल?" नानांनी विचारलं.

पुस्तकाच्या नावाखाली आकडा होता. चारशे सदतीस जणांनी ते डाउनलोड करून घेतलं होतं.

नानांनी मला लगेच ग्रंथपालबाईंना स्पीकरवर फोन लावायला लावला. एरवी ते फोनवर अघळपघळ बोलत, त्या दिवशी थेट म्हणाले, "ते पुस्तक काढून टाका."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "नाना, आम्ही पुस्तक काढत नाही आणि त्यातलं अक्षरही बदलत नाही. आज तुमच्यासाठी एक बदललं तर उद्या कुणी येऊन म्हणेल, हे पान मला सोसत नाही, खोडा. जसं छापलं तसंच ठेवायचं, हीच आमची नोकरी आहे."

"आणि एखाद्या आईने ते औषध केलं तर?"

"म्हणून सूचना जोडू. पुस्तक उघडलं की आधी तीच दिसेल, ती ओलांडल्याशिवाय आत जाताच येणार नाही. तात्पुरती तर मी आत्ताच लावते. पण कायमची लावायची तर आधार लागेल मला. मूळ हस्तलिखितात 'पाव' होतं हे दाखवायला हवं."

"ते कुठून आणू? छापखाना बंद होऊन वीस वर्षं झाली."

"तुमच्या मालकांच्या नातीने दोन पेट्या कागद आणून दिलेत. अजून स्कॅन व्हायचेत. मी शोधायला लावते."

फोन ठेवल्यावर नाना परत खुर्चीत जाऊन बसले. मला वाटलं, निम्मं काम झालं म्हणून सुटल्यासारखं वाटलं असेल. आता कळतं, पेट्यांमध्ये काय असू शकतं याचा ते विचार करत होते.

नऊ दिवसांनी बाईंचा निरोप आला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही दोघं गेलो. ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. खिडक्यांना जाड काळे पडदे. मध्ये उघड्या पुस्तकाला दोन्हीकडून आधार देणारा लाकडी पाळणा, वर दोन कॅमेरे. भिंतीलगतच्या टेबलांवर कागदांचे गठ्ठे आपल्या पाळीची वाट बघत होते: तारघरातल्या जुन्या तारांचा जुडगा, कुठल्याशा शाळेचे हजेरीपट, वाळवीने मधोमध खाल्लेला नकाशा. ग्रंथपालबाई माझ्या वयाच्या निघाल्या. मला वाटलं होतं म्हाताऱ्या असतील. त्यांनी नानांना मोठ्या पडद्यासमोर बसवलं.

"हे पुस्तक लिहिणाऱ्या वैद्यांचं हस्तलिखित," त्या म्हणाल्या आणि त्या ओळीवर येऊन अक्षर मोठं केलं. 'पाव चमचा.' अगदी स्वच्छ.

"आणि हे पहिलं प्रूफ."

पडद्यावर दोनच शब्द होते. 'पाच चमचा.' त्यातल्या 'चा'वर एक लाल तिरकी रेघ. आणि बाजूच्या समासात, ठसठशीत, लाल शाईत: 'चे'.

मी ते अक्षर ओळखलं. माझ्या पत्रावरची वेलांटी त्याच हातची होती.

दुसऱ्या प्रुफात 'पाच चमचे' असं नीट छापलेलं होतं. खाली 'छापण्यास योग्य' आणि सही, इतकी आखूड की नुसती रेघ वाटावी.

बाईंच्या काही लक्षात आलं नव्हतं. त्यांनी सहज विचारलं, "हे लाल शाईतलं अक्षर कुणाचं, काही सांगता येईल? नोंदीत टाकायचंय."

मी नानांकडे बघितलं. 'आठवत नाही' म्हणाले असते तर तिथे त्यांना कोण विचारणार होतं? मालक गेलेले, जुळारी गेलेला. मी तर तोंड उघडणार नव्हते, हे कबूल करते.

"माझं," नाना म्हणाले.

बाईंनी त्यांच्यासाठी पाणी मागवलं. नानांनी पेला हातात धरला, प्यायले नाहीत. मग पडद्याकडे तिरकं बघत बोलू लागले. आवाज अगदी साधा होता.

"मी वाक्य वाचलंच नाही. व्याकरण वाचलं. पाच म्हटल्यावर अनेकवचन हवं, म्हणून 'चमचे' केलं आणि पुढच्या ओळीवर गेलो. ती आई 'पाच चमचा' वाचताना अडखळली असती. म्हणाली असती, हे काहीतरी चुकलंय, कुणाला तरी विचारू. तिला अडखळायला जागाच ठेवली नाही मी. त्याने चूक केली, मी ती गुळगुळीत करून दिली."

"एवढ्या वर्षांत तुम्हाला हे आठवलं नव्हतं?" बाईंनी हळूच विचारलं.

"ही रेघ आठवत नव्हती. सही आठवत होती. दुसऱ्या प्रुफावर सही माझी, म्हणजे चूक माझ्याही डोळ्यांखालून गेली होती, एवढं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण जुळाऱ्याचं नाव निघालं आणि मी गप्प बसलो. गप्प बसणं सोपं असतं हो. रोज थोडंथोडं बसायचं."

पेटीत मालकांनी चिकटवलेल्या त्या जुन्या चिठ्ठीची प्रतही होती. 'जुळाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे पृष्ठ ११२ वर झालेल्या चुकीबद्दल…' बाईंनी ती वाचून दाखवली.

"तीही मीच तपासली होती," नाना म्हणाले. "तिच्यात एकही चूक नव्हती."

नवी सूचना लिहायला त्यांनी चार दिवस घेतले. ते सांगत, मी लिहीत असे, मग ते खोडायला लावत. माझ्या नवऱ्याला हे पटत नव्हतं. एका संध्याकाळी तो चिडला. "नाना, 'छपाईत चूक आहे, पाव चमचा वाचावे' एवढं पुरे की. लोकांना औषधाशी मतलब. एकेचाळीस वर्षांनी आपण होऊन सुळावर कशाला चढायचं?"

"ती जुनी चिठ्ठी अजून आहे ना? तिच्यात त्याला हलगर्जी म्हटलंय. आता तीही स्कॅन होणार, जगात कुणालाही दिसणार. तिच्या शेजारी दुसरी बाजू कोण ठेवणार?"

नवरा उठून गेला. पण दुसऱ्या दिवसापासून फोन करकरून त्यानेच जुळाऱ्याच्या मुलीचा पत्ता मिळवला.

सूचना शेवटी अशी झाली: "सावधान. पृष्ठ ११२ वरील 'पाच चमचे' हे चूक असून मूळ हस्तलिखितात 'पाव चमचा' आहे. या चुकीमुळे एका बालकाचा जीव गेला. खिळे जुळवताना 'व'च्या जागी 'च' बसला. प्रूफ तपासणाऱ्याने ती चूक पकडली नाही, उलट 'चमचा'चे 'चमचे' करून ती झाकली. शिक्षा एकट्या जुळाऱ्यास झाली. — मुद्रितशोधक." ग्रंथपालबाईंनी एवढंच म्हटलं की, असली सूचना आम्ही आजवर लावलेली नाही. आणि लावली.

जुळाऱ्याची मुलगी शाळेची बस चालवायची. पंचावन्नच्या आसपासची, भक्कम हातांची बाई. आम्ही गेलो तेव्हा ती नुकतीच कामावरून आली होती, गणवेशाची बटणंही सोडली नव्हती. मी आधी फोनवर सगळं थोडक्यात सांगितलं होतं. तिने आम्हाला बसायला सांगितलं, स्वतः उभी राहिली.

नानांनी काहीही न गाळता सांगितलं. त्यांचं संपल्यावर ती म्हणाली, "बाबा प्रूफ मागत होते. मालकांना म्हणाले, एकदा प्रूफ काढून बघा, मग मला काढा. मालक म्हणाले, प्रूफं रद्दीत गेली. तुम्ही तिथे उभे होता, असं बाबा सांगायचे."

"होतो," नाना म्हणाले.

"बाबा म्हणायचे, तो बोलेल. एक-दोन महिने वाट बघितली त्यांनी. रोज म्हणायचे, आज येईल." तिने गळ्याजवळचं एक बटण सोडलं. "नंतर खोकी चिकटवायच्या कारखान्यात लागले. खिळ्यांना परत हात लावला नाही. ज्या घरातलं मूल गेलं त्या घरासमोरून जायला नको म्हणून लांबचा रस्ता धरायचे, मरेपर्यंत. आमची शाळा सुटली, त्याचं काही नाही. पण ते घरात बोलायचे बंद झाले ना, त्याचं मी काय करू?"

मला वाटलं होतं, नाना हात जोडतील, रडतील. ते फक्त ऐकत राहिले, मान खाली न घालता.

तिने माझ्याकडे हात पुढे केला. "ते दाखवा, काय लिहिलंय ते."

मी टॅबलेट दिला. तिने सूचना सावकाश वाचली. मग पुन्हा वाचली.

"हे आता राहणार? काढणार नाही कुणी?"

"नाही. ते काही काढत नाहीत," मी म्हणाले.

"आईला दाखवायला हवं होतं." तिने टॅबलेट परत दिला आणि नानांकडे वळली. "तुम्ही आलात, स्वतःच्या तोंडाने सांगितलंत, बरं केलंत. पण आता पुन्हा येऊ नका. मला तुमच्याशी चांगलं वागायला लागेल, आणि ते मला जमणार नाही."

"नाही येणार," नाना म्हणाले.

जिना उतरताना त्यांनी माझा खांदा धरला होता. सतरा पायऱ्या होत्या. मध्येच थांबून म्हणाले, "बरोबर बोलली ती."

पुढच्या वर्षात नानांची नजर आणखी गेली. मुठीएवढं अक्षरही विरघळायला लागलं. आता तीननंतर मी वाचते, ते ऐकतात. दीपगृह, बोटी, ग्रहणं, जे हाती लागेल ते. लाल पेन कुठे आहे, हे त्यांनी बऱ्याच दिवसांत विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात ग्रंथपालबाईंचं पत्र आलं. बस चालवणाऱ्या बाई एकदा आपण होऊन ग्रंथालयात आल्या होत्या आणि वडिलांची एक वही देऊन गेल्या होत्या. नानांना कळवा असं त्या म्हणाल्या नव्हत्या, कळवू नका असंही म्हणाल्या नव्हत्या. वही स्कॅन करून लावली आहे. नोंदीत लिहिलं आहे: 'एका जुळाऱ्याची कामाची वही.'

मी ती उघडली आणि वाचायला लागले. जुळवलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव, किती पानं, किती दिवस, आणि पुढे एखादं वाक्य. 'गणिताचे. बोटे सुजली.' 'कवितांचे. ओळी आखूड, काम हलके, पण वाचत बसल्याने उशीर.' 'कायद्याचे. काही कळले नाही, चूकही झाली नाही.' नानांना जवळजवळ सगळी पुस्तकं आठवत होती. "हो, हे थंडीत झालं," ते म्हणत. "ह्याला दोन शाया होत्या." एका ठिकाणी तर मोठ्याने हसले. शेवटची नोंद भूगोलाच्या पाठ्यपुस्तकाची होती, तीन ओळींची, आणि तिसरी ओळ अर्धीच.

"पुढे?"

"पुढे कोरी पानं आहेत, नाना."

"किती?"

मी मोजली. "अडुसष्ट."

"तीही स्कॅन केलीत?"

"सगळी केलीत."

नानांनी पाठ खुर्चीला टेकली. "उलट एकेक," ते म्हणाले. "घाई नको."

मी एकेक पान उलटत गेले, आणि प्रत्येक वेळी सांगत गेले की उलटलं.